चुकांचा दवाखाना

"मॅडम, आजपण लाल झाली काय जी?"

कुंदा नन्नावरे व्हरांड्याच्या पायरीशी चपला काढत विचारत होती. मी तिच्या टाचणावरून मान वर न करता म्हटलं, "लाल कसली, होळी खेळून झालीय. ये, बस."

"होळी तं लांब आहे अजून."

"तुझ्यापुरती आजच आली."

ती हसली नाही आणि हिरमुसलीही नाही. सतरंजीवर भिंतीला टेकून, तिच्या नेहमीच्या जागी बसली. जानेवारीतली संध्याकाळ होती. कुणीतरी भाताचं तणस पेटवलं होतं, त्याचा धूर व्हरांड्यापर्यंत येत होता.

टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं, मुलांना काय विचारायचं, फळ्यावर काय लिहायचं, याची आदल्या दिवशी लिहून आणायची तयारी. कुंदा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या अध्यापिका विद्यालयात मी इंग्रजी कसं शिकवावं हे शिकवत असे, आणि शिकवण्याइतकंच रागवतही असे.

"हे काय लिहिलंयस? 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' सोमवारी अख्खा तास याच चुकीवर घसा फोडला ना मी?"

"फोडला जी."

"मग?"

"ध्यानात नाही राहिलं."

"आणि त्याच्या आदल्या आठवड्यातलं बरं राहिलं? तेव्हा 'डिस्कस अबाउट' लिहून आणलं होतंस. ते आज अगदी बरोबर आहे. तुझं डोकं आहे की चाळणी? जुनं राहतं आणि ताजं गळतं."

"तसंच असन," ती म्हणाली आणि उठली. "चहा ठेवते जी मी."

साखरेचा डबा कुठं आहे, गाळणी कुठल्या खिळ्याला आहे, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक झालं होतं. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला. मी लाल पेन बंद केलं आणि तो आवाज ऐकत बसले. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असला की भिंतीसुद्धा जरा जवळ आल्यासारख्या वाटतात.

काळजी मात्र खरी होती. आमच्याकडे नियम असा की फेब्रुवारीअखेरपर्यंत जिची टाचणं सुधारली नाहीत, तिला अंतिम पाठाला बसू द्यायचं नाही. अंतिम पाठ नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, म्हणजे वर्ष बुडालं. कुंदाचे वडील नव्हते. थोरले दोघं भाऊ बल्लारपूरकडे कामाला होते आणि घराकडे फिरकत नव्हते. तिच्या आईनं दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, रोवणी करून तिला इथं ठेवलं होतं. आणखी एक वर्ष ठेवणं त्या बाईला जमलं नसतं. म्हणजे कुंदा मास्तरीण होणार की आईशेजारी चिखलात उभी राहणार, हे त्या लाल रेघांवर ठरायचं होतं.

या संध्याकाळच्या बसण्याला मुली दवाखाना म्हणत. माझ्या पाठीमागे, अर्थात.

तो सुरू कसा झाला ते सांगायला हवं. मी वाईची. तेव्हा चौतीस वर्षांची होते. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही. आई लहानपणीच गेली होती. वडील गेले आणि मला नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. मग जाहिरात पाहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले. गाव बदललं की एकटेपणा मागं राहतो असा माझा समज होता. तो पहिल्याच रविवारी मोडला. शनिवारी दुपारी शिपायाला "कुलूप नीट लाव" म्हटलं, आणि त्यानंतर सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. सोमवारी वर्गात गेले आणि "गुड मॉर्निंग" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. खाकरून, घसा साफ करून कसाबसा निघाला.

"पाणी बदललं ना जी, म्हून घसा धरला," पहिल्या बाकावरची वैजयंता सोनुले म्हणाली. ही मुलगी सगळ्या वर्गाच्या वतीनं बोलायची. कुणी नेमली नव्हती, तरी.

त्यानंतरच्या सोमवारीही तेच झालं.

मग मी फर्मान काढलं. ज्यांच्या टाचणात चुका फार, त्यांनी संध्याकाळी माझ्या बिऱ्हाडी यायचं आणि टाचण पुन्हा लिहायचं. शिक्षा म्हणून. मुलींच्या भल्यासाठी. असं मी सांगितलं आणि मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

पावसाळ्यात माझा व्हरांडा गच्च भरायचा. मुली दाटीवाटीनं बसायच्या, एकमेकींच्या पाठीवर वही ठेवून लिहायच्या. चुकाही काय एकेक! 'माय कझिन सिस्टर रिटर्न्ड बॅक.' 'ही टोल्ड टू मी.' मराठीत विचार करायचा आणि त्याला इंग्रजी झबलं घालायचं. मी ओरडायचे, त्या खिदळायच्या, मी पुन्हा ओरडायचे. दर सोमवारी मी वर्गात एका प्रकारची चूक घेऊन ती पार पिंजून काढत असे, आणि आठवडाभर व्हरांड्यात तिचाच पाठपुरावा.

अशाच एका संध्याकाळी वैजयंतानं विचारलं, "मॅडम, तुमचे बाबापण मास्तर होते काय जी?"

"हेडमास्तर होते. वार लावून शिकलेले."

"वार लावून म्हणजे?"

मला आश्चर्य वाटलं, पण त्यांच्याकडे ती रीत नव्हती. मग सांगितलं. आमच्याकडे गरिबाघरचा मुलगा शिकायला गावात आला की सात घरी त्याचे वार लागायचे. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. माझ्या वडिलांना दारात उभं राहून हाक मारायची लाज वाटायची. मग ते पायरीवर उभे राहून नुसते खाकरायचे. आतल्या बाईला कळायचं, आज आपला वार, मुलगा आला.

"आणि दुसऱ्यांदा वाढू का म्हटलं की नको म्हणायचे," मी म्हटलं. "भूक असली तरी. ती सवय जन्मभर राहिली. पुढं हेडमास्तर झाले, मान मिळाला, पण कुणाच्या घरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही त्यांनी. मी वाढलेलंसुद्धा नाही."

कुंदा तोवर व्हरांड्यात फारशी बोलत नसे. ती कोपऱ्यातून म्हणाली, "त्यांले वाढणाऱ्या बायांले कसं वाटत असन जी?"

"त्यांना काय वाटायचंय? पुण्य लागत होतं."

"तसं नाही जी. एखाद्या दिवशी पोरगा आलाच नाही, तं त्या वाट पाहत असन ना?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. वडिलांनीही केला नसावा. "लिही तू, लिही," मी म्हटलं. "टाचण कोण, वाढणाऱ्या बाया लिहिणार?"

दिवाळीच्या सुट्टीत मी वाईला गेले नाही. जाऊन करणार काय? सुट्टी संपली, मुली परतल्या, आणि पहिल्याच आठवड्यात टाचणं पाहिली तर बहुतेक सगळी स्वच्छ. रोग हटला होता. शिक्षकाला याहून मोठा आनंद नसतो असं मी स्वतःला बजावलं, आणि व्हरांड्यातल्या जादा सतरंज्या झटकून, घडी घालून माळ्यावर टाकल्या. घडी घालताना रडू आलं. ते का आलं, हे मला चांगलं कळत होतं.

पण दवाखाना अगदी ओस पडला नाही. रोज एक तरी मुलगी यायचीच. दोघी कधी नाहीत आणि एकही नाही असंही नाही. सोमवारी वैजयंता, मंगळवारी कोणी, बुधवारी आणखी कोणी, गुरुवारी कुंदा. रविवारीसुद्धा कुणीतरी "मॅडम, उद्याचं टाचण पाहता काय जी" म्हणत दारात. मी म्हणायचे, "रविवारीही पिच्छा सोडू नका," आणि आधण ठेवायला उठायचे. पुढं जानेवारी लागला तशा बाकीच्या यायच्या थांबल्या. उरली ती एकटी कुंदा. रोज.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या प्राचार्यांनी, निनावे सरांनी, मला खोलीत बोलावलं. गंभीर, मितभाषी माणूस. समोर कुंदाची टाचणं होती.

"मॅडम, या मुलीचं काय करायचं?"

"अजून वेळ आहे, सर."

"सहा महिने तुम्ही हिला घरी बसवून शिकवताय. आख्ख्या गावाला माहीत आहे. बाकीच्या सुधारल्या, ही मात्र बिघडत चालली. पहिल्या वर्षी बरी होती की ही." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "अशी बाई शाळेत गेली तर पोरांच्या पिढ्या बिघडतील. मी तिला अंतिम पाठाला बसवणार नाही."

"तिचा शनिवारी सराव पाठ आहे. मी स्वतः पाहते. मग ठरवा."

"पाहा," ते म्हणाले. "पण पाझर फुटू देऊ नका."

मला पाझर फुटेल, असं म्हणणारे ते पहिलेच.

शनिवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहावीच्या वर्गात, मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले. मांडीवर कुंदाचं त्या दिवशीचं टाचण. त्यात पुन्हा तेच, 'आय ॲम हॅविंग', ठळक अक्षरात, आणि त्याखाली माझी लाल रेघ. त्या सोमवारी मी वर्गात याच चुकीची उजळणी घेतली होती.

कुंदानं गोष्टीच्या आधारानं धडा सुरू केला. बोलली छान. मग एका मुलीला फळ्याशी बोलावलं आणि घरातल्या माणसांबद्दल एक वाक्य लिहायला सांगितलं. त्या मुलीनं खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं, 'आय ॲम हॅविंग वन गोट.' वर्ग हसला. माणसांबद्दल विचारलं आणि हिनं शेळी लिहिली म्हणून हसला.

कुंदा हसली नाही. "शेळी घरातलीच असते," ती म्हणाली. "तुझं म्हणणं आम्हाले सगळ्यांले समजलं. फक्त इथं इतकंच पुसू." तिनं फडक्याच्या कोपऱ्यानं चुकलेला तेवढा तुकडा पुसला, बाकी त्या मुलीचं अक्षर तसंच ठेवलं आणि मोकळ्या जागेत बरोबर शब्द, 'हॅव', भरला. मग त्याच चुकीची आणखी उदाहरणं घेतली, मुलांकडून सुधारून घेतली. तास संपला तेव्हा फळ्यावर एकही चूक नव्हती. हातातल्या टाचणाकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

मी मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग फळ्याकडे. ज्याला येत नाही तो एकच चूक जन्मभर करतो. हिची चूक दर आठवड्याला बदलायची, आणि ती कुठली, तर मी सोमवारी शिकवलेली. मला इतके दिवस हे दिसलं नव्हतं. का दिसलं नव्हतं, ते तेव्हा स्वतःला विचारायची हिंमत झाली नाही. आधी राग आला. पोरी माझी गंमत करताहेत, असंच वाटलं. बाई दर सोमवारी घसा फोडते, तीच चूक तिच्या तोंडावर मारून आणायची आणि वर तिचा चहा प्यायचा.

दुपारी मी तशीच वसतिगृहावर गेले. वर्ष होत आलं तरी कधी पाय ठेवला नव्हता. विद्यालयाच्या मागं तीन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. मुली ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून सगळ्या ताडकन उभ्या राहिल्या. एकीच्या मांडीवरचं सूप उलटलं.

"कुंदा कुठे आहे?"

"विहिरीवर गेली जी, पाण्याले," वैजयंता म्हणाली.

"मी थांबते."

"तुमी काहून थांबता जी? येतेच ती संध्याकाळी तुमच्याकडं. शनिवार आता तिचाच..." शेजारचीनं तिला चिमटा काढला. वैजयंता जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

"तिचाच म्हणजे?"

एकजण उलटलेलं सूप सरळ करायला वाकली.

"वैजयंता, शनिवार तिचाच म्हणजे काय?"

"वार आहे जी तिचा," ती पुटपुटली.

"कसला वार?"

"तुमीच तं सांगतलं होतं ना जी. तुमच्या बाबांचे लागत होते तसे." ती आता रडकुंडीला आली होती. "आमी तुमचे वार लावले, मॅडम."

मला नीट समजलं नाही, किंवा समजायचं नव्हतं. मी ओट्याच्या कडेला टेकले. मग वैजयंताच एकेक सांगत गेली आणि बाकीच्या माना खाली घालून उभ्या राहिल्या.

"सुरवातीले आमाले खरंच येत नव्हतं जी. मग दिवाळीपस्तोर यायला लागलं. टाचणं बरोबर निघाली तं मग यायचं कसं? तुमी तं चुका नसन तं येऊ नका म्हणता. सोमवारी तुमचा आवाज बसलेला राहे. आमाले वाटे, घसा धरला असन. कुंदा म्हणाली, घसा नाही तो. दोन दिवस बोलल्याच नाहीत मॅडम कोणाशी. तिच्या आईचा आवाज तसाच होते म्हणे, ही सुट्टीत घरी गेली की. मग ठरवलं, रोज एकीनं चुका करून जायचं. कोणाचा सोमवार, कोणाचा मंगळवार. कोणती चूक करायची ते भांडण नको, म्हून तुमी त्या आठवड्यात शिकवली तीच."

"आणि आता एकटी कुंदा का?"

"आमी भ्यालो जी. सत्राचे गुण जात होते. सगळ्याइनं सोडलं." तिनं नाक पुसलं. "कुंदा म्हणाली, तुमचे सगळे वार मले द्या."

कुंदा आली. डोक्यावर पाण्याची गुंडी, कमरेवर कळशी. मला ओट्यावर बसलेलं पाहून ती दारातच थांबली. मग सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि तिला उमगलं. तिनं सावकाश पाणी उतरवलं, पदरानं हात पुसले.

"तुझं वर्ष जाईल हे माहीत होतं तुला?"

"हाव जी."

"मी तुला दया करायला सांगितली होती?"

"दया नाही जी."

"मग काय?"

तिनं कळशी भिंतीशी सरकवली. मग म्हणाली, "माझी आई घरी एकटीच आहे, मॅडम. दिवसभर बांधीत चार बाया राहते, पण सांजच्याले कोणी नाही. मी इथून काही करू नाही शकत. मी तुमच्यापाशी बसली, तं तिच्यापाशीपण कोणी जाऊन बसत असन, असं वाटे मले."

असं काही ऐकलं की मी काय करते ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. "उद्यापासून कुणीही माझ्याकडे यायचं नाही," मी कडक आवाजात म्हटलं. "दवाखाना बंद." त्या शब्दासरशी सगळ्या दचकल्या. तो मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन मी दार लावून घेतलं. लाज वाटत होती, अशी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मी शिक्षा देत होते आणि त्या मला वाढत होत्या. कुणी किती बसायचं, कुणी काय बोलायचं, हेही ठरवत असतील. चहा मी पाजत होते खरा, पण सात दारी उभी होते मी.

रविवारी कुणी आलं नाही. मी सांगितलं होतं, आणि मुली माझं ऐकायच्या. संध्याकाळी चुकून दोन कप काढले, एक परत ठेवला.

सोमवारी सकाळी निनावे सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. बोलायला गेले तर आवाज फुटेना.

"घसा बसला का?" त्यांनी विचारलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

नुसतं "हो" म्हणता आलं असतं. काहीतरी गुळमुळीत सांगून कुंदासाठी आणखी एक संधी मागता आली असती. पण ते म्हणाले असते, संधी कशासाठी? चुका तर समोर आहेत. आणि त्या चुका कुठून आल्या हे कुणाला तरी तोंडानं सांगावंच लागणार होतं. ती पोर सांगणार नव्हती.

"घसा नाही, सर," मी म्हटलं. "शनिवारपासून कुणाशी बोलले नाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कुंदाला सगळं येतं. मी पाठ पाहिला. ती मुद्दाम चुकत होती."

"मुद्दाम? वर्ष घालवायला कोण मुद्दाम चुकतं?"

"चुका असल्या तरच माझ्या घरी यायची परवानगी होती. मी एकटी असते, सर. मुलींना ते दिसलं. त्यांनी माझे वार लावले होते."

हे वाक्य बसलेल्या आवाजातच निघालं. निनावे सर नागपूरचे, जुन्या घरातले. वार म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला.

"मॅडम, माझं घर चार पावलांवर आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही कधी आला नाहीत."

"तुम्ही बोलावलं नाहीत."

"हो," ते म्हणाले. "तेही खरंच."

त्यांनी कुंदाला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि न सांगता निवडलेल्या धड्याचं टाचण लिहायला लावलं. तिनं लिहिलं. सरांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बसू द्या हिला." कुंदा मार्चात अंतिम पाठाला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

पण तो सोमवार आणि मार्च यांच्यामध्ये माझ्या संध्याकाळी होत्या. सोमवारची गेली. मंगळवारी कुंदाचं टाचण आलं, इतकं स्वच्छ की लाल पेनाचं टोपण काढायची गरज नव्हती. मी ते पुन्हा वाचलं. खरं सांगते, एखादी तरी चूक सापडावी म्हणून वाचलं. बुधवारी व्हरांड्यात बसून रस्त्यानं जाणारी गुरं पाहिली. मागं येणाऱ्या गुराख्याला उगाचच "उशीर झाला आज?" म्हणून विचारलं. तो दचकून "नाही जी" म्हणाला आणि झपझप निघून गेला. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

त्या रात्री जेवताना वडील आठवले. त्यांच्याबद्दल मी नेहमी एकच गोष्ट सांगत आले होते, लाजेची. कुंदानं विचारलेलं मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं. पायरीवर कुणी खाकरलं नाही, तर आतली बाई काय करत असेल? वाढलेलं ताट झाकून ठेवत असेल. दाराकडे बघत असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी साडी बदलली, घराला कुलूप लावलं आणि वसतिगृहाकडे निघाले. हातात काही नव्हतं. टाचण नाही, लाल पेन नाही. वाटेत परत फिरावंसं वाटलं. चौतीस वर्षांची बाई, नोकरीची, विद्यार्थिनींच्या दारात कशासाठी जाते आहे?

स्वयंपाकघरात उजेड होता. भाताचा वास येत होता, भांड्यांचा आवाज, वैजयंताची अखंड टकळी. मी पायरीशी उभी राहिले. कुणाला हाक मारू? काय म्हणून?

मी खाकरले.

आतली टकळी थांबली. भांडी थांबली. मग मडक्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला आणि कुंदा दारात आली, हाताला भाताची शितं तशीच. तिनं मला पाहिलं. का आलात, काय चुकलं, असं काही तिनं विचारलं नाही.

"गुरुवार आहे जी आज," ती म्हणाली. "माझाच वार."

तिनं आत पाट मांडला. मुली सरकल्या, जागा झाली. कुणी मॅडम म्हणून उठून उभं राहिलं नाही, आणि ते मला फार बरं वाटलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, तोंडी लावायला टोमॅटोची चटणी. मी खाली मान घालून जेवले. वैजयंतानं पुन्हा काहीतरी सुरू केलं होतं, पण माझ्या कानात ते शिरत नव्हतं. ताट रिकामं होत आलं तशी कुंदा मडकं घेऊन समोर वाकली.

"वाढू काय जी अजून?"

जिभेवर 'नको' आलं होतं. घराण्याचंच होतं ते.

मी ताट पुढं केलं.